बेटावर मंडळी लावायचीय? मग आधी नुसतं बघून या

एक गोष्ट आधीच सांगतो, पाहणीला जाणं आणि मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायला जाणं हे दोन वेगळे प्रवास आहेत. गडबड इथेच होते. निघायच्या आधीच मंडळीचं नाव ठरलेलं असतं, लोगो झालेला असतो, देणगी देणाऱ्यांना पत्रं गेलेली असतात आणि मग तिकडे जे काही दिसेल ते सगळं त्यातच बसवलं जातं, म्हणजे बोट वेळेवर आली तर देवाने दार उघडलं आणि बोट चुकली तर सैतान अडवतोय, म्हणून जायलाच पाहिजे. अरे मग पाहणी कशाला केली?

त्यामुळे पहिलं काम घरी बसून. कागद घ्या आणि लिहा की काय दिसलं तर आपण तिथे मंडळी लावणार नाही. "काय दिसलं तर जाऊ" हे लिहायला सगळ्यांना आवडतं, उलटं लिहायला जड जातं, पण तेच लिहा. उदाहरणार्थ, तिथे आधीच एक जिवंत मंडळी आहे, सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) नीट सांगतेय आणि तिला फक्त दोन हात कमी पडतायत, तर आपण नवीन पाटी लावणार नाही, तिलाच हात देऊ. किंवा तिथे कायदेशीरपणे राहायचा मार्गच नाही. किंवा जी नवरा-बायकोची जोडी जाणार आहे तिच्यातला एकजण मनातून तयार नाही. हा कागद आपल्या मंडळीच्या पाळकांकडे, म्हणजे पास्टरांकडे, ठेवून द्या, आल्यावर उघडायचा.

बायबलमध्ये गणना या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात मोशेने कनान देश बघायला बारा हेर पाठवले तेव्हा नुसतं "बघून या" नाही म्हटलं, प्रश्न दिले, लोक थोडे आहेत का पुष्कळ, गावं उघडी आहेत का तटबंदीची, जमीन कशी, झाडं आहेत का. बाराही जणांनी 40 दिवस तोच देश पाहिला आणि तरी दहांचं म्हणणं एक, दोघांचं दुसरं. म्हणून वहीत दोन बाजू करा, डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. दौऱ्याच्या चौथ्या दिवशी हे दोन्ही इतकं मिसळून जातं की नंतर वेगळं करता येत नाही.

मग कायदा. टुरिस्ट व्हिसावर धार्मिक काम चालतं का, सभा घ्यायला नोंदणी लागते का, बाहेरच्या माणसाला जागा भाड्याने किंवा विकत घेता येते का, हे त्या देशाच्या सरकारी माहितीत बघा आणि तिकडच्या वकिलाला विचारा, ओळखीच्या ओळखीतल्या कुणी सांगितलेलं धरू नका. आणि काही बेटं अशी आहेत जिथे जायचंच नाही. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर 2018 मध्ये सुवार्ता सांगायला चोरून गेलेला एक तरुण मारला गेला. ज्या कोळ्यांनी पैसे घेऊन त्याला नेलं त्यांना अटक झाली. तिथले लोक शेकडो पिढ्या वेगळे राहिलेत, आपल्याला साधी वाटणारी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून बंदी आहे. धाडस वगैरे ठीक आहे पण अशा ठिकाणी पाहणी दौरा हा शब्दच लागू होत नाही.

टीम लहान ठेवा, तीन किंवा चार. दहाजण एकसारखे टी-शर्ट घालून धक्क्यावर उतरले की लोक तुमच्याशी बोलत नाहीत, तुमच्याकडे बघतात. त्यात एक माणूस त्या बेटाचा किंवा निदान ती भाषा बोलणारा हवाच. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत सुवार्ता सांगायला निघालेले पौल आणि बर्णबा पहिले कुठे गेले? कुप्र बेटावर, म्हणजे आजचं सायप्रस. आणि बर्णबा मूळचा तिथलाच! शिवाय ते पोचायच्या आधीच पांगलेले काही विश्वासणारे तिकडे वचन सांगून आले होते, अकराव्या अध्यायात आहे ते. म्हणजे अगदी पहिल्या मिशनरी प्रवासातसुद्धा जमीन कोरी नव्हती. आपण मात्र "तिथे कुणीच नाही" असं खुशाल ठोकून देतो.

कधी जायचं? वाईट हवामानात. टुरिस्ट सीझनमध्ये बेट म्हणजे लग्नघर, सगळे हसतमुख, सगळं उघडं. सीझन संपला की अर्धी दुकानं बंद, कामाला आलेली माणसं परत, उरतात ती खरी बेटावरची माणसं आणि मंडळी कुणासाठी हा प्रश्न तेव्हाच नीट दिसतो. लोकसंख्येचे आकडे पण तसेच बघा, कायमचे किती, हंगामी किती, तरुण शिकायला बाहेर जातात ते परत येतात का. हंगामी कामगार ही वेगळीच दुनिया असते, भाषा वेगळी, सुट्टी रविवारी नसते, रात्री उशिरा मोकळे होतात. त्यांच्यात काम करायचं असेल तर रविवार सकाळची उपासना विसरा.

बोटीचं वेळापत्रक हे वेळापत्रक नसतं, इच्छा असते. उधाण आलं, वारा फिरला की बंद. परतीच्या प्रवासाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच, आम्ही एकदा ठेवले नव्हते, पुढचं विमान गेलं, पैसे गेले आणि वर एकमेकांवर चिडचिड. पौलाने बोटवाल्यांना सांगितलं होतं की हंगाम उलटलाय, आता निघू नका, शताधिपतीने (बरोबरच्या रोमी अधिकाऱ्याने) तारवाच्या, म्हणजे जहाजाच्या, मालकाचं ऐकलं, जहाज फुटलं आणि 276 माणसं मेलिता बेटाच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, किनाऱ्यावर कुणी पोहत, कुणी फळ्या धरून पोचली. बरं, त्या अडकलेल्या तीन महिन्यांत तिथे पुष्कळ आजारी बरे झाले ते वेगळं, पण म्हणून मुद्दाम अडकू नका.

पोचल्यावर पहिले दोन दिवस प्रश्न विचारू नका. चाला. धक्क्यावर बसा, बोट येते तेव्हा काय काय उतरतं बघा, कारण बेटावर काय पिकत नाही ते तिथे कळतं आणि महागाई का आहे तेही. शाळा सुटताना मुलं किती ते बघा. नोटीस बोर्ड वाचा. दफनभूमीत जा, आडनावं वाचा, तीन-चारच आडनावं पुन्हा पुन्हा दिसली तर समजा की एकाशी बोललात म्हणजे अख्ख्या बेटाशी बोललात, आणि एकाशी भांडलात तर तेही तसंच. बेटाची दुसरी बाजू पण बघा, वाऱ्याकडची. पौल-बर्णबा पूर्वेच्या सलमीनपासून पश्चिमेच्या पफेपर्यंत सगळं बेट फिरले होते, बंदरातूनच परत नाही गेले.

तिसऱ्या दिवशी तिथे जी मंडळी आहे तिच्या पाळकांना भेटा आणि खरं सांगा की आपण का आलोय. सुट्टीला आलोय म्हणून सांगायचं आणि गुपचूप मोजमाप करायचं हे मला अजिबात पटत नाही, शिवाय लपत पण नाही, तुम्ही चहा संपवायच्या आत बातमी पलीकडच्या टोकाला गेलेली असते. त्यांच्या उपासनेला मागच्या बाकावर बसा. विचारा, आधी बाहेरून कोण कोण आलं होतं, किती दिवस टिकलं, का गेलं. माझ्या मते अख्ख्या दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. बेटावरच्या लोकांनी पुष्कळ उत्साही माणसं येताना पाहिलेली असतात आणि तीच पहिल्या हिवाळ्यानंतर सामान बांधतानाही. त्यांचा थंडपणा हा विरोध असेलच असं नाही, ते फक्त थांबून बघत असतात.

इथे लिंडिसफार्नची गोष्ट आठवते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं हे बेट, दिवसातून दोनदा भरती आली की वाट पाण्याखाली. 635 च्या सुमारास तिथला राजा ओस्वाल्ड याने स्कॉटलंडच्या आयोना बेटावरच्या मठाकडे मिशनरी मागितला. पहिला जो गेला तो हात हलवत परत आला आणि रिपोर्ट दिला की लोक अडाणी आहेत, हट्टी आहेत, ऐकत नाहीत. त्या बैठकीतच एडन नावाचा मठवासी म्हणाला की बाबा, तूच जरा कडक वागलास, लहान मुलाला देतात तसं आधी दूध, म्हणजे सोपी शिकवण, द्यायला हवं होतं. मग त्यालाच पाठवलं, आणि तो लिंडिसफार्नवर राहिला! त्याला भाषा धड येत नव्हती तर राजा स्वतः शेजारी उभा राहून दुभाषाचं काम करायचा. तर रिपोर्टमध्ये "लोक कठीण आहेत" असं लिहायला हात गेला की थांबा, आपण कसे बोललो ते आधी लिहा. बायबलमधल्या तीताच्या पत्रात क्रेत बेटाच्या लोकांवर खरमरीत वाक्य आहे हे मान्य, पण ते त्यांच्यातल्याच माणसाचं म्हणून दिलंय. आपण बाहेरचे.

पोटापाण्याचं बघणं हा पण पाहणीचाच भाग आहे. 1732 मध्ये जर्मनीतल्या हेर्नहुटहून मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे दोघे जण कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले, एक कुंभार आणि एक सुतार. सुताराला काम मिळालं, कुंभाराचं काही जमेना. माती बघायला आधी कुणी गेलं नव्हतं ना. तुमचं कौशल्य तिथे चालतं का, वर्षभर भाड्याने घर मिळतं का की सीझनला मालक बाहेर काढतो, इंटरनेट किती वेळा जातं, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर कसं नेतात, मुलांची शाळा कितवीपर्यंत, हे सगळं विचारा. आणि हे जी बाई तिथे संसार करणार आहे तिने स्वतः विचारावं, नवऱ्याने तिच्या वतीने नाही. बरेच दौरे पुरुषांचेच असतात आणि मग दीड वर्षात सगळं गुंडाळावं लागतं.

फोटो कमी काढा, आणि लोकांच्या चेहऱ्याचे तर देणगीच्या पत्रकासाठी नकोच. सभेचा हॉल, भाडं, परवानगी याची चौकशी एका दुपारी होते, त्यावर जीव काढू नका.

परत आल्यावर लगेच मंडळीसमोर साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभे राहू नका. बोटीत बसल्या बसल्या प्रत्येकाने आपापलं वेगळं लिहायचं, एकमेकांचं न वाचता, मग एक आठवडा गप्प, मग पाळकांकडचा तो कागद उघडून मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांबरोबर बसायचं. हो आलं तरी दुसरी खेप उलट्या हंगामात करा, त्याच घरांत, तीच माणसं. नाही आलं तर तिकडच्या पाळकांना स्वतः फोन करून सांगा की आम्ही येत नाहीये आणि का ते, आणि ज्या आजींनी जेवायला बोलावलं होतं त्यांनाही, कारण त्या विचारतात नंतर, ती माणसं आली होती त्यांचं पुढे काय झालं म्हणून.