पावसात नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडे निघताना फोर-बाय-फोरची तयारी

सुरुवात आदल्या दिवशी टायरपासून करा. थार असो की जिम्नी, फोर-एचमध्ये, म्हणजे लिव्हरने चारही चाकांना जोर दिल्यावर, पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना जखडलेले असतात, मध्ये दोघांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. दोन्ही शाफ्टना फेरे सारखेच मारावे लागतात. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. १८ इंची टायरच्या थारला पुढे नवी जोडी आणि मागे सहा मिलिमीटर झिजलेली जोडी असेल, तर मागच्या चाकांना किलोमीटरमागे सहाएक फेरे जास्त लागतात, तेही सरळ रस्त्यावर. पैसे वाचवायला दोनच टायर बदलायची आपली सवय या गाड्यांना महागात पडते. हवा दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच भरा, टायर गार असताना. स्टेपनीचं मापही वाचून घ्या. जुन्या गाडीत ती हमखास भलत्याच मापाची निघते.

मग वळणाचा हिशेब डोक्यात बसवा. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. थारचा व्हीलबेस २.४५ मीटर. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य पाच मीटर त्रिज्येने फिरला, तर पूर्ण चकरेत तो ३१.४ मीटर चालतो आणि पुढचा ३५. फरक साडेतीन मीटरचा, म्हणजे टायरचा जवळपास दीड फेरा. चिखलात टायर घसरून तो भरून काढतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डांबरावर घसरायला वाव नसतो. मग पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात), गिअरच्या दातांत साठतो, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक लागल्यासारखी गाडी अडते आणि एखादं चाक टक्‌ करून उडी मारतं. गॅरेजला ब्रेकची तक्रार घेऊन जाण्याआधी लिव्हरकडे बघा.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही. बागेतून डांबरी रस्त्याला लागताना छोट्या ट्रॅक्टरची फोर-व्हील काढली नाही, तर पुढच्या टायरच्या गुट्ट्या (जाड रबरी दात) रस्ता खातो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. शहरातल्या नव्या मालकांना मात्र लिव्हर ओढला की गाडी जास्त सुरक्षित झाली असं वाटतं.

त्यामुळे कुठे लावायची यापेक्षा कुठे काढायची, हे घरीच ठरवून निघा. त्र्यंबकपर्यंत आणि पुढे हरसूलच्या डांबरी रस्त्यावर टू-एचच, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. रस्ता ओला आहे एवढं कारण पुरत नाही. ओल्या डांबरालाही अरुंद वळणात पीळ बसेल इतकी पकड असते. खरी फसगत गावात होते. शेताच्या चिखलातून बाहेर पडलात की लगेच गावठाणातली काँक्रीटची गल्ली लागते, आणि तिचं पहिलंच वळण काटकोनात असतं. चिखल संपला की वळण यायच्या आत, गाडी सरळ असतानाच लिव्हर टू-एचला आणा. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर पूर्ण स्टिअरिंग कापून मागे-पुढे करणार असाल तर तिथेही हेच.

लिव्हर महिनोन्‌महिने हललेला नसेल तर निघण्याआधी मातीच्या मैदानात तो दोन-चार वेळा फिरवून बघा. फोर-एच चालत्या गाडीत किती वेगापर्यंत लागतो ते मॅन्युअलमध्ये वाचा. फोर-एलसाठी (चारही चाकांना जोर, पण कमी वेगाचा गिअर) गाडी थांबवून गिअर न्यूट्रल करावा लागतो. टू-एचला आणल्यावर डॅशवरचा फोर-व्हीलचा दिवा वेळेवर विझतो का, तेही पाहा. दोर, शॅकल (दोर अडकवायची कडी), फावडं, टायरमध्ये हवा भरायचा पंप गाडीत टाका.

लिव्हर अडकला तर जोर लावू नका. पीळ भरलेला असतो तेव्हा आतले दात एकमेकांवर दाबून बसलेले असतात, ओढाताणीत लिव्हरची आतली जोडणी (लिंकेज) वाकते. स्टिअरिंग सरळ करा, मागे कुणी नाही ना ते पाहून थोडी रिव्हर्स घ्या आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना लिव्हर हलका ओढा. तरीही नाही सुटला तर एका बाजूची चाकं कडेच्या मातीवर घेऊन सावकाश सरळ चाला. सैल माती पीळ सोडून देते.

ओढा पार केला असेल तर परतल्यावर ट्रान्सफर केसचं आणि दोन्ही अ‍ॅक्सलचं ऑइल तपासून घ्या. ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत गेलं की ऑइल दुधाळ दिसतं. तसं दिसलं तर सर्व्हिसची तारीख यायची वाट न बघता बदला.