गावात विज्ञानगप्पा ठेवताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून. नाव सांगत नाही, कारण खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातले निम्मे लोक मला उद्या मासळीबाजारात भेटणार आहेत. चारेक वर्षं झाली, महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही मोठ्या माणसांसाठी विज्ञानाच्या गप्पा ठेवतो. मोठ्या माणसांसाठी यासाठी की पोरांना शाळेत प्रदर्शन असतं, २८ फेब्रुवारीला भाषणं असतात, पण पंचेचाळिशीच्या माणसाला लाटा रात्री का चमकतात असं विचारायचं असेल तर तो कुठे जाणार, मुलाला विचारणार, मुलगा मोबाईलमधून डोकं वर काढत नाही.

आयडिया आमची नाही. इंग्लंडात लीड्सला डंकन डॅलस नावाच्या माणसाने १९९८ मध्ये कॅफे सायंटिफिक सुरू केलं, आणि आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतले लोक २००९ पासून 'चाय अँड व्हाय' करतायत, पृथ्वी थिएटरात, रविवारी सकाळी. कॅफेवाल्यांचा साचा सोपा आहे, पाहुण्याने वीसेक मिनिटं बोलायचं, मग चहा, मग उरलेला सगळा वेळ लोकांनी विचारायचं. एवढंच. आम्ही हे वाचलं, माना डोलावल्या आणि बरोबर उलटं केलं.

पहिला कार्यक्रम म्हणजे विज्ञानगप्पा नव्हत्याच, ते व्याख्यान होतं. दोष आमचा एकट्याचा नाही, १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हापासून मराठी माणसाच्या हाडात व्याख्यान मुरलंय. साडेपाचची वेळ. दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने वात तीनदा विझली. स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय (बायोडेटा जसाच्या तसा वाचला, पीएचडीच्या प्रबंधाच्या नावासकट), शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत. पाहुण्यांनी तोंड उघडलं तेव्हा सव्वासहा वाजले होते, आणि वरच्या वाडीची शेवटची एसटी पावणेआठची. बोलणं छान चाललं होतं हो, पण साडेसातला मागच्या तीन रांगा पिशव्या आवरून उठल्या आणि "काही प्रश्न?" विचारलं तेव्हा समोर आम्ही आयोजक आणि खुर्च्यावाला. तेव्हा शाल-नारळ पूर्ण बंद करा, पाहुणे दुखावत नाहीत, आमच्या एका पाहुण्यांनी तर सांगितलं की घरी सतरा शाली आहेत. शेवटच्या एसटीची वेळ बघा आणि तिथून उलटं मोजत या, प्रश्नांना निदान पाऊण तास ठेवून.

आणि चहा शेवटी देऊ नका. मध्ये द्या. शेवटी दिला की चहा घेऊन लोक घरी जातात. मध्ये दिला की काय होतं, शेजारचा शेजाऱ्याला विचारतो "तुला कळलं काय रे ते?", तो म्हणतो "नाय बा", मग दोघांना धीर येतो की आपण एकटेच ढ नाही, आणि प्रश्न तिथे शिजतो. कांदाभजी मात्र ठेवू नका, एकदा ठेवली होती, दुसरा अर्धा भाग फक्त भज्यांचा झाला.

आता भरती-ओहोटीची गोष्ट, कारण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच. पाहुणे शहरातले, हुशार, चंद्र-सूर्याचं ओढणं त्यांनी फार सुंदर समजावलं. मग पडद्यावर तक्ता लावला आणि म्हणाले आज आपल्याकडे भरती अमुक वाजता. मागच्या रांगेत खारवीवाड्यातले एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, बसले होते, गप्प. चहाच्या वेळेला मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यो टाइम मुंबईचा हाय. आपल्याकडं पानी आधी येतं." खरं होतं, या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, आमच्याकडे मुंबईच्या आधी. मी म्हटलं, काका, हे पुढे येऊन सांगा. ते नको नको करत आले आणि मग त्यांनी हिशोब सांगितला, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, मुंबईला सहाच्या सुमाराला भरती, आपल्यासाठी त्यातून थोडं वजा. पाहुण्यांनी खिशातलं पेन काढलं. म्हणाले, चंद्र आकाशात त्याच जागी यायला रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर करतो, म्हणून भरतीही तेवढी उशिरा, आणि तुमचा पाऊण तास त्याला अगदी खेटून आहे! मग उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यावर दोघांची अशी जुंपली की आम्हाला लाईट बंद करून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. पाहुण्यांना 'भांग' हा शब्दच माहीत नव्हता, ते 'लघुतम भरती' म्हणत होते, आणि तांडेलांना लघुतम म्हणजे काय ते कळेना. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात म्हणून पाणी ना फार चढत ना फार उतरत, एवढंच दोघांना म्हणायचं होतं.

तर चूक काय, पाहुणा कोण ते ठरवलं होतं, पण समोर कोण बसणार याचा विचारच केला नव्हता. कोकणात निम्म्या विषयांचा जाणकार शेवटच्या रांगेत चप्पल काढून बसलेला असतो. आता आम्ही आठवडाभर आधी जाऊन विचारून येतो. मासळीचा विषय असेल तर जेटीवर, जांभ्याचा असेल तर चिरेखाणीवर, आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो की अमुक काका येणार आहेत, त्यांना मध्ये बोलू द्या.

याचाच दुसरा प्रकार जास्त नाजूक. विजयदुर्ग. हेलियम विजयदुर्गावर सापडला हे इकडे प्रत्येकाला माहीत आहे, लॉकयर साहेबाने दुर्बीण ठेवली ते साहेबाचे ओटे दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम दिवस असतो. आमचे एक पाहुणे उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "ही दंतकथा आहे." झालं! एक गुरुजी उठून गेले, दोघंतिघं उठायच्या बेतात, उरलेले हाताची घडी घालून. पाहुणे चुकीचं बोलत नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ सूर्याचा प्रकाश तपासायला आंध्रात गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हताच, त्याने सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, इंग्लंडात बसून ऑक्टोबरमध्ये पाहिली, ग्रहणाशिवाय. पण तोच लॉकयर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला खरोखर विजयदुर्गावर आला होता, तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता, १८९५ मध्ये. म्हणजे साहेब आला होता, तीस वर्षं उशिरा आला होता. हे आधी सांगितलं असतं तर सगळे पुढे सरकून बसले असते.

आम्ही तोच विषय पुढच्या वर्षी परत घेतला, दुसऱ्या पाहुण्या बोलावल्या. त्यांनी सुरवात गॅसपासून केली. वरणाला मीठ घातलंय, ते उतू गेलं की ज्योत पिवळी होते की नाही? सगळ्या बायका म्हणाल्या होते. तो पिवळा सोडियमचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. सूर्याच्या कडेला दिसलेली रेघ त्याच्या इतकी शेजारी, ५८७.६ वर, की पहिल्यांदा सगळ्यांना ती सोडियमचीच वाटली, आणि तो दीड नॅनोमीटरचा फरक म्हणजे नवीन मूलद्रव्य. मग त्यांनी जुन्या सीडी वाटल्या आणि सीएफएलच्या दिव्याचं प्रतिबिंब बघायला लावलं, रंगांचे वेगवेगळे तुकडे दिसतात, तेच मेणबत्तीचं बघितलं तर सलग पट्टा. घरात पडलेल्या लग्नाच्या सीडीचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. गुरुजीही आले होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मान आपलाच, फक्त तारीख दुरुस्त करायची." करा म्हटलं.

जाहिरातीचं पटकन सांगतो. "सागरी जैवसंदीप्ती : एक दृष्टिक्षेप" असा बोर्ड लावला तेव्हा नऊ माणसं आली. तोच विषय, तोच माणूस, बोर्डावर "लाटा निळ्या का पेटतात?" लिहिलं तर खुर्च्या कमी पडल्या. आणि पोस्टरवर इंटरनेटवरचा झगझगीत निळा फोटो टाकू नका, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून काढलेला असतो तो, मग लोक किनाऱ्यावर जाऊन बघतात आणि म्हणतात फसवलं. नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव, पाणी ढवळलं की चमकतो, बघायला अंधार हवा आणि डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सवय हवी. हे आधी सांगा. भाषेचंही तसंच, प्रकाशसंश्लेषणही म्हणू नका आणि दर वाक्यात चार इंग्रजी शब्दही नकोत, पान अन्न कसं शिजवतं असं म्हणा ना सरळ.

प्रश्न विचारायच्या वेळी माईक कोणाच्या हातात देऊ नका. तुमच्या हातात धरा आणि समोर न्या. दिला की गेला. प्रत्येक गावात एक काका असतात, त्यांना प्रश्न नसतो, त्यांना १९७८ सालापासूनचं सांगायचं असतं (आमच्याकडे दोन आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत). माईक तुमच्या हातात असला की "काका, प्रश्न एका वाक्यात" म्हणून अलगद पुढे सरकता येतं. आणि बायका पहिल्या काही महिन्यांत विचारतच नव्हत्या, म्हणून चहाच्या टेबलावर कोरे कागद आणि बिस्किटाचा रिकामा डबा ठेवला. पहिल्या दिवशी डब्यात अकरा चिठ्ठ्या! वेळासच्या कासवांवर बोलणं होतं, ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू गार तर नर, गरम तर मादी. एका चिठ्ठीत होतं, "उन्हाळा असाच वाढत राहिला तर पुढे सगळ्या मुलीच जन्मणार का, आणि मग लग्नाचं काय?" हसले सगळे, पण पाहुण्यांनी त्यावर वीस मिनिटं घेतली, कारण शास्त्रज्ञांनाही हीच काळजी आहे आणि काही ठिकाणी घरट्यांवर सावली करतात ती त्यासाठीच.

सापांच्या कार्यक्रमात जिवंत साप आणू नका. आणा आणा असा आग्रह होतो, गर्दीही होते, पण वन्यजीव कायद्यात ते बसत नाही आणि मग कोणी काही ऐकतही नाही, सगळे मोबाईल वर करून उभे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुरसं भरपूर, त्यामुळे लोकांना माहिती खरीच हवी असते. चावलं तर काय, तर मंत्र नको, चिरा देऊन रक्त काढणं नको, चावलेला भाग न हलवता सरळ दवाखाना, सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच चालते. आणि डॉक्टर पाहुणे असतील तेव्हा सुरवातीलाच सांगा की स्वतःचे रिपोर्ट काढायचे नाहीत. एकदा शुगरवरच्या गप्पांना लोक फायली घेऊन आले होते, डॉक्टर बिचारे रात्री साडेनऊला सुटले.

आता जे दर वेळी बिघडतं ते. माईक किंचाळतोय? स्पीकर बोलणाऱ्याच्या मागे ठेवलाय, त्याचाच आवाज माईक परत उचलतोय आणि चक्र चालू, स्पीकर पुढे लोकांच्या बाजूला न्या, नव्वद टक्के काम होतं. लाईट गेली? जाणारच. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगा की स्लाइड नसतील तरी बोलता आलं पाहिजे, आमची दोन सगळ्यात चांगली सत्रं कंदिलात झालीत. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये घेऊ नका, सर आली की पाहुण्यांचे फक्त ओठ हलताना दिसतात. आकाशदर्शन मे महिन्यानंतर ठरवू नका, उगाच छत्र्या घेऊन सड्यावर उभे राहाल. गर्दी कमी? कॅलेंडर बघा, शिमगा, गणपती आणि आंब्याचा सीझन सोडून द्या, आंबा पेटीत भरायचा असताना कृष्णविवराला कोण येणार. मच्छीमार मंडळी हवी असतील तर १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं मोकळी. फक्त हॉल स्लॅबचा बघा.

पाहुणे मुंबईहूनच आणायचे हाही एक गैरसमज, गाडीभाड्यात वर्षाचं बजेट संपतं आणि गाडी चार तास लेट. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथली माणसं आनंदाने येतात, जेवायला घरी न्या म्हणजे झालं. एकदा तर पाहुण्याच नव्हत्या, बस चुकली, तेव्हा आमच्या मावशीने कोकमाचं आगळ आणि खायचा सोडा घेऊन रंग पालटून दाखवला आणि पुढचा तास आंबट-खारं यावर निघाला.

डब्यातली एक चिठ्ठी मात्र गेल्या मेपासून तशीच पडून आहे. "फणसाचा चीक हाताला लागला की साबणाने जात नाही, खोबरेल तेलाने लगेच जातो, का?" कोणी रसायनवाले वाचत असतील तर कळवा, फणस आमच्याकडचा, बरका हवा की कापा ते आधी सांगा.