सर्व्हर घेताना इंटेल की एएमडी: कोटेशन कसं तपासावं

एएमडीने २०१७ मध्ये एपिक ही सर्व्हरची चिप आणली आणि इंटेलच्या झिऑन चिपला खरी टक्कर मिळाली. आज डेल, एचपीई, लेनोव्हो दोन्ही चिपवर सर्व्हर विकतात. या चढाओढीचा फायदा हवा असेल तर निदान दोन कंपन्यांकडून, दोन्ही चिपची कोटेशनं मागवा. एकाच कंपनीचं कोटेशन हातात असेल तर घासाघीस करता येत नाही.

कोअरच्या, म्हणजे चिपमधल्या काम करणाऱ्या भागांच्या, आकड्याला भुलू नका. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर मोजतात, सर्व्हरमागे किमान १६. कमी कोअर पण जास्त गिगाहर्ट्झची चिप पुष्कळदा स्वस्त पडते.

खरी गोम मेमरीत असते. २०२२ च्या जेनोआ पिढीच्या एपिकला सॉकेटमागे (बोर्डावरची चिपची जागा) १२ चॅनेल, म्हणजे चिप ते मेमरी या वाटा; चौथ्या पिढीच्या झिऑनला ८. प्रत्येक चॅनेलला मेमरीची सारखीच एक पट्टी हवी. जेनोआवर ३२ जीबीच्या १२ पट्ट्या म्हणजे ३८४ जीबी. विक्रेता ६४ च्या ६ देऊनही तेवढाच आकडा दाखवतो; पण निम्मे चॅनेल रिकामे, म्हणून बँडविड्थही (डेटा वाहून नेण्याचा वेग) निम्मी. कोटेशनवर पट्ट्यांची संख्या लिहून घ्या.

जुन्या झिऑनच्या जोडीला एपिक घेताय? चालू व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) इंटेलवरून एएमडीवर हलवता येत नाही, आधी बंद करावं लागतं. एपिकचा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचा गट) वेगळाच ठेवा.

वापरलेली एपिक चिप घेताना ती आधी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये होती ते विचारा. काही कंपन्यांचं फर्मवेअर (बोर्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर) चिपला कंपनीच्या डिजिटल सहीशी कायमचं बांधतं. मग दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर ती सुरूच होत नाही.