स्पॅनिंग ट्री शिकताय? रूट स्विच आधी स्वतः ठरवा

स्पॅनिंग ट्री म्हणजे स्विचच्या जोडणीत लूप (गोल फिरणारा रस्ता) होऊ नये म्हणून जादा लिंक बंद ठेवणारी पद्धत. सगळे रस्ते ज्या स्विचपासून मोजले जातात तो रूट स्विच किंवा रूट ब्रिज. नेटवर्किंगचा कोर्स करून मुंबईत पहिली नोकरी शोधत असाल तर मुलाखतीत हा प्रश्न बहुतेक येणारच: रूट ब्रिज कसा निवडला जातो? ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान तो, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मी मुलाखतीला बसलो की पुढचं विचारतो: कोणी काहीच कॉन्फिगर केलं नाही तर ऑफिसातला कोणता स्विच रूट होईल? इथे पुष्कळ जण अडतात.

ब्रिज आयडीत आधी प्रायोरिटी (आपण बदलू शकतो असा आकडा), मग मॅक ॲड्रेस (स्विचला कारखान्यातच मिळालेला क्रमांक). प्रायोरिटी सगळीकडे मुळात ३२७६८, म्हणजे बरोबरी. निकाल मॅकवर लागतो आणि लहान मॅक बऱ्याचदा जुन्या स्विचचा निघतो. अंधेरी, लोअर परळकडची ऑफिसं एकेक मजला घेत वाढतात, जुन्याला नवा स्विच जोडला जातो. मग पँट्रीजवळच्या रॅकमधला १०० एमबीपीएसचा म्हातारा स्विच रूट होऊन बसतो आणि मजल्यांमधला ट्रॅफिक त्याच्यातून वळसा घेतो. बंद काहीच पडत नाही, फक्त ‘नेट स्लो आहे’ अशा तक्रारी येत राहतात. म्हणून कोअर स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ प्रायोरिटी द्या. हे काम पहिल्याच दिवशी करायचं.

मुळात लूपची एवढी भीती का? आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो, दर राउटरला तो एकने कमी होतो आणि शून्याला पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेममध्ये तशी सोयच नाही. एक एआरपी ब्रॉडकास्ट (पत्ता विचारायला सगळ्यांना पाठवलेली फ्रेम) लूपमध्ये शिरला की फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात. सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लुकलुकतात, लॉगमध्ये मॅक फ्लॅपिंगच्या (एकच मॅक कधी या, कधी त्या पोर्टवर दिसण्याच्या) ओळी धावतात, स्विचला रिमोट लॉगिन होत नाही. थेट स्विचला जोडायची कन्सोल केबल बॅगेत हवी ती यासाठीच.

रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना यावर तोड काढली. १९९०मध्ये ती ८०२.१डी म्हणून प्रमाणित झाली. जुन्या पद्धतीत पोर्ट लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद थांबतं. बिघाडानंतर सावरायला ५० सेकंदही लागू शकतात. २००१च्या रॅपिड आवृत्तीत हे बहुतेक वेळा काही सेकंदांच्या आत उरकतं. नवीन ठिकाणी रॅपिडच लावा.

सरावासाठी पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर पुरेसा आहे. हात लावून शिकायचं असेल तर लॅमिंग्टन रोडवर जुने मॅनेज्ड स्विच शोधा. तीन स्विच त्रिकोणात जोडा. ‘अ’ला रूट करा. अ-ब आणि ब-क या लिंक १ जीबीपीएस ठेवा, अ-क मुद्दाम १०० एमबीपीएस. आता कमांड मारण्याआधी कागदावर लिहा: कोणतं पोर्ट ब्लॉक होईल? जुन्या मोजणीत १०० एमबीपीएसची कॉस्ट (रस्त्याची किंमत, कमी तो रस्ता निवडला जातो) १९, १ जीबीपीएसची ४. ‘क’ला थेट रस्ता १९ला पडतो, ‘ब’मार्गे ८ला. म्हणून सरळ लिंकवरचं ‘क’चं पोर्ट ब्लॉक होतं. हे कागदावर बरोबर आलं की विषय डोक्यात बसला असं समजा. टायमर पाठ करण्यापेक्षा या सरावावर मी कितीतरी जास्त भर देईन.

कर्मचाऱ्यांच्या टेबलाकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच सुरू करणारी सेटिंग) लावा, नाहीतर पीसी सुरू होताच डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ता मिळणं, अडकतो. पण त्यासोबत बीपीडीयू गार्ड हवाच: बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतात ते संदेश, आणि असा संदेश आला की गार्ड ते पोर्ट बंद करतो. टेबलं हलवताना कोणीतरी आयपी फोनची दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतं, किंवा घरून आणलेला छोटा स्विच जोडतं. त्या साध्या स्विचला स्पॅनिंग ट्री कळत नाही. काही बीपीडीयू पुढे सोडतात, काही गिळतात. गिळणाऱ्यांसाठी स्टॉर्म कंट्रोलही (ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा घालणारी सेटिंग) लावून ठेवा.

गार्डने पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद, केलं की फोन येतो, ‘लवकर चालू करा’. आधी त्या टेबलापर्यंत जा, खाली काय जोडलंय ते बघा, ते काढा आणि मगच पोर्ट शट करून पुन्हा उघडा.