गेम बनवायची कार्यशाळा घेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कार्यशाळेला बावीस मुलं आली होती. अकरा लॅपटॉप, एक मोबाइल हॉटस्पॉट आणि गावातल्या वाचनालयाचा वरचा हॉल. दहाला सुरू करायचं ठरलं होतं. साडेअकरा वाजले तरी सात लॅपटॉपवर डाउनलोडची पट्टी अर्ध्यावरच होती आणि मुलं खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसली होती. त्यानंतर मी एकही कार्यशाळा इंटरनेटच्या भरवशावर घेतलेली नाही.

म्हणून पहिली तयारी पेनड्राइव्हची. नवशिक्यांसाठी मी गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, वापरते. ते मोफत आहे, २०१४ पासून मुक्तस्रोत आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही; झिप सोडवली की चालू. युनिटी आणि अनरियल ताकदीची इंजिनं आहेत, पण काही जीबींचं डाउनलोड आणि प्रत्येकाचं खातं उघडणं यात दोन दिवसांच्या कार्यशाळेतली एक सकाळ जाते. पेनड्राइव्हवर इंजिनासोबत एक्सपोर्ट टेम्प्लेट्सही घ्या. ही फाइल इंजिनाच्या कितीतरी पट मोठी असते, गेम एक्सपोर्ट करताना, म्हणजे इंजिनाशिवाय चालेल असा बाहेर काढताना, लागतेच, आणि तिची आवृत्ती इंजिनाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. शाळेच्या लॅबमधले संगणक जुने असतील तर नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडररमध्ये (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या ग्राफिक्सवर बाकीचे दोन पर्याय बरेचदा चालतच नाहीत, आणि मुलाला वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं.

दुसरी चूक तयारीतली नाही, उत्साहातली आहे. कोणता गेम बनवायचा असं विचारलं की अर्धा वर्ग ‘फ्री फायरसारखा’ म्हणतो. आयोजकही मुलांचं मन राखायला थ्रीडी, बंदुका, ऑनलाइन खेळणं असं सगळं कबूल करून बसतात. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणाकडेच पूर्ण झालेलं काही नसतं. मी मुलांना पाँग या जुन्या गेमची गोष्ट सांगते. १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून सरावाचं काम दिलं. दोन फळ्या, एक चेंडू, वर गुण. त्या सरावातून आलेला गेम जगभर खेळला गेला. एवढ्याच आकाराचा गेम दोन दिवसांत मुलाच्या हातून पुरा होतो, आणि कार्यशाळेतून जाताना मुलाजवळ पूर्ण गेम असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

आम्ही बहुतेक वेळा आट्यापाट्या करतो. पाटीवरचा खेळाडू आपल्या आडव्या रेषेवरच इकडून तिकडे फिरतो आणि आपण त्याच्या हाती न लागता पुढे जायचं. खऱ्या मैदानात नऊ पाट्या असतात, आमच्या गेममध्ये तीन. संगणक उघडण्याआधी हॉलमधल्या फरशीवर खडूने रेषा आखून आम्ही अर्धा तास खेळतो. पाटीवाला टोकाला पोचला की दिशा उलटी करतो, हे एकदा पायांनी करून झालं की कोडमधलं ‘जर’ समजावून सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष अडचणी. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘ताई, माझा माणूस खाली पडतोय!’ हे उडी मारायच्या गेममध्ये होतं. प्ले दाबलं की पात्र जमिनीतून आरपार जातं. दहापैकी आठ वेळा जमीन हे नुसतं चित्र असतं. डोळ्याला ती जमीन दिसते, इंजिनाच्या लेखी तिथे काहीच नसतं. तिला स्टॅटिक बॉडी, म्हणजे जागचा न हलणारा ठोस भाग लागतो, आणि त्याच्या आत कोलिजन शेप, म्हणजे टक्कर कुठे लागते ते ठरवणारा आकार. शेपचा नोड (गेमचा एक सुटा भाग) जोडला पण त्यात चौकोन की गोल ते निवडलंच नाही, असंही सर्रास होतं. तेव्हा सीन ट्रीमध्ये, म्हणजे नोडच्या यादीत, पिवळा त्रिकोण दिसतो. त्या त्रिकोणावर माउस न्यायची सवय मुलांना पहिल्याच तासाला लावा. काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं. तरीही उलगडा होत नसेल तर डीबग मेन्यूतून कोलिजन शेप्स दिसतील अशी खूण करून गेम चालवा. शेप पात्रापासून हातभर लांब पडलाय, हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

कोडमध्ये उडीच्या वेगाचा आकडा उणे चारशे का, हा प्रश्नही दर वेळी येतो. गणिताच्या तासाला वाय अक्ष वर वाढतो, पडद्यावर तो खाली वाढतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. फळ्यावर दोन्ही अक्ष शेजारी शेजारी काढून दाखवा, पाच मिनिटं पुरतात.

वेगाचा घोळ मात्र सावकाश समजवावा लागतो. ‘प्रोसेस’मध्ये, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलताना दर वेळी चालणाऱ्या कोडमध्ये, जागा पाचने पुढे सरकवली, तर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला साठदा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर पात्र सेकंदाला ३०० पिक्सेल जातं आणि कोणाच्या दादाच्या १४४ हर्ट्झच्या गेमिंग लॅपटॉपवर ७२०. कोड तोच असून एका टेबलावर पाटीवाला रमतगमत चालतो, शेजारच्या टेबलावर सुसाट पळतो. हे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दाखवलं की ‘डेल्टा’ने, म्हणजे दोन चित्रांमधल्या वेळेने, गुणायचं कारण मुलांच्या डोक्यात बसतं. पण मग मुलं सगळीकडेच डेल्टा लावतात. पात्र सरकवणारं ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे गोडोचं तयार फंक्शन तो हिशोब आतल्या आत करतं. तिथे व्हेलॉसिटीला, म्हणजे वेगाला, पुन्हा डेल्टाने गुणलं तर ३०० चा वेग सेकंदाला पाच पिक्सेलवर येतो. पात्र चिकटल्यासारखं दिसलं की आधी हेच तपासा.

कोड व्हॉट्सॲपवर किंवा वर्डच्या फाइलमध्ये पाठवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतं, पेस्ट करताना टॅबच्या जागी स्पेस येतात, आणि गोडोमध्ये ओळ किती आत सरकवली आहे त्यावरच सगळा अर्थ ठरतो. मुलाने ओळ न ओळ बरोबर उतरवलेली असते, तरी लाल रेघ जात नाही. कोड टेक्स्ट फाइलमध्ये द्या, त्याहून बरं म्हणजे टाइप करू द्या. पंधरा ओळीच तर असतात.

घरी जाऊन मुलं यूट्यूब बघतात, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं आणि बरीच नावं बदलली. व्हिडिओत ‘किनेमॅटिक बॉडी’ दिसली तर तो आवृत्ती ३ चा. आता तिला ‘कॅरॅक्टर बॉडी’ म्हणतात. कोडमधल्या ‘यील्ड’ या शब्दाच्या जागी ‘अवेट’ आलं. हे माहीत नसेल तर मूल दोन तास झगडतं आणि आपल्याला जमत नाही असं ठरवून मोकळं होतं.

गेममध्ये मराठी जरूर लिहा. आवृत्ती ३ मध्ये जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. ४ मध्ये देवनागरी नीट उमटते. फक्त फॉन्ट प्रोजेक्टमध्ये ठेवा. नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर ‘गुण’ दिसतं आणि ब्राउझरमध्ये रिकामे चौकोन. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि छान वाचता येतो. चित्रांसाठी गूगलवरून डोरेमॉन उचलू देऊ नका. केनी या संकेतस्थळावरची चित्रं कोणालाही मोकळेपणाने वापरता येतात, नाहीतर मुलांनी कागदावर काढलेली चित्रं मोबाइलवर फोटो काढून घ्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. आपण स्केचपेनने काढलेला पाटीवाला पडद्यावर चालताना पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाचा चेहरा एकदा तरी बघावाच.

मदतनिसांबद्दल माझा एकच नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही: मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. अडलं की येऊन तीन क्लिकमध्ये दुरुस्त करून देणं हे मदतनिसाला सोपं वाटतं, पण मूल त्यातून काहीच शिकत नाही. हात मागे बांधा, बोटाने दाखवा, विचारा. एका लॅपटॉपवर दोघं असतील तर दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदला. घंटा नसते तेव्हा मुलगा चालवतो आणि शेजारची मुलगी दोन दिवस बघत राहते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता घंटा पहिल्यांदा पिशवीत टाकते.

शेवटचा तास पूर्णपणे एक्सपोर्टला ठेवा. अँड्रॉइडसाठी वेगळी साधनं बसवावी लागतात, त्या नादाला पहिल्या कार्यशाळेत लागू नका. वेबसाठी काढलेली पानाची फाइल नुसती डबल क्लिक करून उघडत नाही, तिला सर्व्हर लागतो. ती इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर चढवायची असेल तर झिप करा आणि मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ ठेवा. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षरही इथेच नडतं. विंडोजला ‘प्लेअर’ कॅपिटल पीने लिहिलं काय नि साध्या पीने काय, एकच. एक्सपोर्ट केलेल्या गेमला तसं चालत नाही आणि चित्र गायब होतं.

विंडोजसाठी काढताना ‘एम्बेड पीसीके’वर खूण करा. ती नसेल तर दोन फाइली बनतात, चालवायची ईएक्सई आणि गेमचा सगळा ऐवज असलेली पीसीके, आणि मुलं फक्त ईएक्सई उचलून घरी नेतात. एक आठवीतली मुलगी असाच गेम घेऊन गेली. आजोबांना दाखवायला काकांच्या लॅपटॉपवर उघडला, तर उघडेना. सोमवारी ती वाचनालयात आली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, घरी कोणाचा विश्वासच बसला नाही.’ दुसरी फाइल आमच्या लॅपटॉपवर तशीच पडून होती. आता निघायच्या आधी प्रत्येकाचा पेनड्राइव्ह दाराशी ठेवलेल्या एका वेगळ्या लॅपटॉपला लावतो. त्यावर गोडो नाही, काहीच नाही. तिथे गेम सुरू झाला, एक पाटी ओलांडून दाखवली, की मगच चपला घालायच्या.