उन्हाळ्याआधी बुलेटचं ऑइल बदलताय? मग एवढं बघून घ्या

सिंथेटिक ऑइल आणायला दुकानात जायच्या आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा, कारण ग्रेड तिथं लिहिलेली असते आणि दुकानदार जे हातात देईल ते घेऊन यायचं नसतं. युसीई इंजिनवाल्या (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेट ३५० ला १५डब्ल्यू-५० सांगितलंय. यातला १५डब्ल्यू म्हणजे थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते, आणि ५० म्हणजे १०० डिग्रीला त्याचा दाटपणा किती, आणि आपल्याकडं मे महिन्यात सिग्नलला उभं राहिल्यावर हा दुसरा आकडाच कामाला येतो. एअर कूल्ड गाडीला ना रेडिएटर ना कूलंट, फिन्सना वारा लागला तर लागला, बाकी उष्णता ऑइलच ओढून घेतं. मायलेज वाढेल म्हणून पातळ ग्रेड टाकायच्या भानगडीत पडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅन उलटा करून मागं जासो (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलंय का बघा, पुढं मोठ्या अक्षरात फुल्ली सिंथेटिक लिहिलेलं नंतर वाचा. या इंजिनात क्लच आणि गिअर त्याच ऑइलमध्ये भिजलेले असतात. मी एकदा घरात कारचं उरलेलं चांगलं महागाचं ऑइल होतं म्हणून तेच ओतलं, आणि कुंभार्ली घाटात मागं मामेभाऊ बसलेला, तिसऱ्या गिअरला रेस पिळली तर इंजिन ओरडतंय आणि गाडी काही जोर धरत नाय, क्लच प्लेटा नुसत्या घसरतायत. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं केमिकल असतं, ते कारला चालतं, आपल्या क्लचला नाय. एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी असतं, तेही नको. जुनं कास्ट आयर्न इंजिन असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्याची चौकशी वेगळी करा.

सिंथेटिकचे पैसे कशाला, तर गिअरच्या दातांत चिरडून साधं ऑइल लवकर पातळ होतं, चांगलं सिंथेटिक जास्त दिवस टिकतं आणि तापल्यावर लवकर जळत नाय. गाडी नवीन असेल, रनिंग-इन (सुरुवातीचे इंजिन रुळायचे किलोमीटर) चालू असेल तर मात्र घाई करू नका, कंपनीने सांगितलंय तेच टाका. सील, बॅच नंबर, तारीख बघा, बिल घ्या, आणि रिकामा झालेला कॅन फोडूनच टाका म्हणजे त्यात कोणी भेसळ भरून विकणार नाय.

सोबत ऑइल फिल्टर, त्याच्या ओ-रिंगा आणि ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर आणून ठेवा, दहा-वीस रुपयाचा वॉशर वाचवून आटे घालवणारे मी बघितलेत. एक लिटर पुरत नाय, दोनच्या आसपास लागतं, नेमकं माप मॅन्युअलात आहे. इंजिन थोडं गरम करून जुनं काढा, निघालेलं ऑइल गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडं द्या. नवीन भरून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थांबा, मग गाडी मेन स्टँडवर सरळ उभी ठेवूनच इंजिनावरच्या छोट्या काचेत ऑइलची लेव्हल बघा, साइड स्टँडवर चुकीची दिसते. आणि रात्री इंजिनखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर डाग दिसला तर वॉशर परत बघायचा.