खिडकीच्या बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवण्याआधी

आधी फॅन खरंच हवा आहे का ते ठरवा. अंघोळ झाल्यावर खिडकी रोज ठेवता तशीच राहू द्या आणि अर्ध्या तासाने आत जाऊन बघा. आरसा अजून धूसर आहे, भिंतीवर हात फिरवला तर ओला होतोय, शॉवरच्या वर छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके धरलेत? मग खिडकी पुरत नाही. सगळं सुकलं असेल तर फॅनचा खर्च वाचला, खिडकी उघडी ठेवत जा.

खिडकी पुरत नाही याचं कारण साधं आहे. तिच्यातून हवा कुठल्या दिशेने जाणार हे वारा ठरवतो. वारा बाहेरून आत आला की तीच वाफ बेडरूममध्ये ढकलली जाते. शिवाय थंडीत आणि पावसात, जेव्हा ओल सर्वांत जास्त साठते, तेव्हाच आपण खिडकी घट्ट लावतो. खिडकी अरुंद शाफ्टमध्ये उघडत असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर इथेच थांबा. फॅन आतली हवा खेचतो तेव्हा गीझरच्या नळीतून बाहेर जाणारा धूरही उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. आधी गीझर बाथरूमबाहेर हलवा, मग पुढचं वाचा.

आता दार. हो, फॅनच्या आधी दार. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि चांगल्यातला फॅन लावूनही छतावरची बुरशी तशीच वाढत राहिली. फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दाराखाली उंच उंबरा, त्यावर पाणी अडवायला रबराची पट्टी, दार चौकटीत गच्च बसलेलं, अशा खोलीत फॅन आवाज पूर्ण करतो आणि काम जेमतेम. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत 760 मिलिमीटर रुंद दाराखाली, फरशी बसवून झाल्यावर, 10 मिलिमीटर मोकळी फट सांगितली आहे. ‘फरशी बसवून झाल्यावर’ हे विसरू नका, कारण नवी फरशी आली की जुनी फट गिळली जाते. लाकडी दार असेल तर सुताराकडून खालून कापून घ्या. प्लॅस्टिकचं असेल किंवा उंबरा काढता येत नसेल तर दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा. काहीही करा, पण फॅन आणायच्या आधी करा.

मग खिडकी. फॅन चालू असताना ती उघडी ठेवली की जास्त हवा खेळेल असं सगळ्यांना वाटतं. फॅन खिडकीजवळ असेल तर नेमकं उलटं होतं. फॅन खिडकीतूनच हवा घेतो, तिथल्या तिथे बाहेर टाकतो, आणि शॉवरच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. लूव्हरच्या, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीत दोन-तीन काचा काढून फॅन बसवतात तिथे हे हमखास होतं. फॅनभोवतीची मोकळी जागा पत्र्याने किंवा ॲक्रिलिकने बंद करा, उरलेल्या काचा मिटवा. हवा दाराखालून यायला हवी. पूर्ण खोली ओलांडून, ओली फरशी आणि भिंती पुसत फॅनपर्यंत जायला हवी. म्हणून फॅनची जागा दारापासून लांब, शॉवरच्या जवळ आणि छताला लागून.

फॅनचा आकार पात्याच्या इंचांवर ठरवू नका. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि आलेल्या आकड्याला 8 ने गुणा, म्हणजे तासाला आठ वेळा हवा बदलेल. 2 बाय 1.5 मीटरची खोली आणि 2.7 मीटर उंची असेल तर तासाला सुमारे 65 घनमीटर. खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो, पाइप आणि जाळी आली की तो घसरतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. आवाज ऐकून घ्या. कर्कश फॅन घरातलं कोणी ना कोणी बंद करणारच.

पाइप लागणार असेल तर आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत हवा सोडू नका, ओल तिथे साठून वरून कुजवते. बाहेर आपोआप मिटणारी झडप आणि पक्ष्यांसाठी जाळी.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून. अर्थिंग, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), बटण बाथरूमबाहेर. शॉवरजवळचा फॅन पाण्याचे शिंतोडे सोसणारा, म्हणजे निदान आयपीएक्स 4. टायमर मिळाला तर घ्या, अंघोळीनंतर 15-20 मिनिटं चालू राहायला हवा.

बसवून झाल्यावर दार लावा, फॅन चालू करा आणि टिश्यू पेपरची पट्टी दाराखालच्या फटीशी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. नुसती लोंबत असेल तर फट अपुरी आहे, सुताराला परत बोलवा. पट्टी फॅनच्या जाळीला चिकटली एवढ्यावर समाधान मानू नका, खिडकी उघडी असली तरी ती चिकटते.

पाती आणि जाळी अधूनमधून पुसा, आधी वीज बंद करून. आणि पायपुसणं दाराच्या फटीला चिकटवून टाकू नका, हातभर लांब ठेवा.